चाचणीवाचून गोळी अडू नये : आसेगाव परिसरातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशीम
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, वाशीम
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, वाशीम
मा. जिल्हा क्षयरोग अधिकारी, वाशीम

विषय : एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधील सुप्त टीबीची तपासणी आणि प्रतिबंधक उपचार गावपातळीवर मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही आसेगाव आणि भोवतालच्या गावांतले, वस्त्यांवरचे, तांड्यांवरचे एचआयव्हीसह जगणारे लोक आहोत. कुणी सोयाबीन सोंगायला जातो, कुणी संत्र्याच्या बागेत मजुरी करतो, कुणी दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतो आणि उन्हाळ्यात परततो. रोज रात्री एक गोळी घेतो. ती डबी कुणी गव्हाच्या कोठीत ठेवतं, कुणी शिलाई मशीनच्या खणात. एसटीत बसल्यावर पिशवीतली डबी वाजू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबणारे आमच्यात बरेच आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीवरची एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, म्हणून आम्ही आज हे पत्र लिहायला जिवंत आहोत. त्याबद्दलची कृतज्ञता आधी नोंदवतो.

मात्र आमच्यातली जी माणसे गेली, त्यांच्या शेवटच्या महिन्यांची आठवण काढली की खोकलाच आठवतो. संध्याकाळचा ताप, घामाने ओली झालेली वाकळ, सैल झालेल्या बांगड्या. साऱ्या जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण टीबी हेच आहे. ज्याच्यावर सहा महिन्यांत बरे करणारी औषधे आहेत, आणि जो होऊच नये म्हणूनही औषध आहे, त्या आजाराने आमची माणसे जातात. हे पत्र त्या दुसऱ्या औषधाबद्दल आहे.

शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर सुप्त टीबी हा हरळीसारखा. उन्हाळ्यात वखर मारलेले रान काळेभोर, स्वच्छ दिसते. खाली मुळी जिवंत असते. पहिला पाऊस पडला की वर येते. टीबीचा जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. तेव्हा माणूस आजारी नसतो, खोकत नाही, त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही, एक्स-रे साफ असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांमध्ये असा संसर्ग आढळला. म्हणजे पारावर दहा माणसे बसली असतील तर तिघांच्या शरीरात ती मुळी आहे. एचआयव्ही नसलेल्या माणसात ती वर येण्याची शक्यता साऱ्या आयुष्यात पाच ते दहा टक्के असते. एचआयव्ही असून एआरटी सुरू नसेल तर जवळपास तेवढीच शक्यता एकेका वर्षात असते. एआरटीने हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने उतरतो, पण संपत नाही. राहिलेला धोका कमी करायचे काम प्रतिबंधक गोळ्या करतात.

याचा पुरावा शोधायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. पुण्यात २००२ ते २००५ या काळात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी एचआयव्ही असलेल्या ७१५ बाळंतिणींची बाळंतपणानंतर वर्षभर पाहणी केली. त्यांतल्या २४ जणींना त्या काळात टीबी झाला. ज्यांना झाला, त्यांच्या मृत्यूची शक्यता इतर बाळंतिणींच्या सव्वादोन पटीच्या जवळ होती आणि त्यांच्या बाळांच्या मृत्यूची शक्यता जवळजवळ साडेतीन पट. टीबी कुणाला झाला, याचा माग काढला तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या : सीडी-४ या प्रतिकारपेशींची संख्या दोनशेच्या खाली, रक्तात विषाणू जास्त, आणि हातावरच्या चाचणीत पाच मिलिमीटरपेक्षा मोठी गाठ. म्हणजे हातावरच्या त्या लहानशा गाठीने बाईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला काय होऊ शकते याचा इशारा आधीच दिला होता. आमच्या मागण्यांचे मूळ या तिसऱ्या गोष्टीत आहे.

पहिली मागणी, आणि बाकी सगळ्या नाकारल्या तरी जी नाकारू नये अशी : चाचणी झाली नाही या कारणावरून एचआयव्हीसह जगणाऱ्या कुणाचेही प्रतिबंधक उपचार थांबवू नयेत.

हे नवे नाही. देशाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटले आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला सक्रिय टीबी नाही याची खात्री केली की सुप्त टीबीची चाचणी न करताही प्रतिबंधक उपचार द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेचेही तेच म्हणणे आहे. तरीही आमच्या एका सदस्याला एका दवाखान्यात सांगण्यात आले, "आधी चाचणी करून आणा, ती इथे होत नाही." तो गेला, पुन्हा आला नाही. ऊसतोडीला निघून गेला. त्या दवाखान्याचे नाव आम्ही इथे घेत नाही. दोष एका माणसाचा नाही, नियम खालपर्यंत न पोहोचल्याचा आहे.

नियम असा का आहे, हे डॉक्टरांइतकेच आम्हालाही समजून घ्यावे लागले. हातावरची चाचणी असो की रक्ताची, दोन्ही जंतूला पाहत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूला ओळखते का, एवढेच त्या विचारतात. ज्याचा सीडी-४ खूप खाली गेला आहे, त्याचे शरीर हाक मारली तरी उत्तर देत नाही. चाचणी "नाही" म्हणते आणि मुळी खालीच असते. म्हणजे ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच चाचणी चुकवण्याची शक्यता सर्वांत जास्त. अशा चाचणीला दारावर राखणदार म्हणून बसवायचे, तर ती नेमक्या चुकीच्या माणसाला परत पाठवील. दक्षिण आफ्रिकेत खायेलित्शा येथे एआरटी घेणाऱ्या १,३२९ जणांवर झालेल्या प्रयोगात प्रतिबंधक गोळ्यांनी टीबी ३७ टक्क्यांनी कमी झाला, आणि हा फायदा चाचणी होकारार्थी आलेल्यांपुरताच होता असे दिसले नाही. आयव्हरी कोस्टमधल्या मोठ्या अभ्यासात सहा महिने दिलेल्या आयसोनियाझिड या प्रतिबंधक गोळीने पुढच्या वर्षांत मृत्यूही कमी झाल्याचे २०१७ मध्ये नोंदले गेले.

मग कुणी विचारील, चाचणीशिवाय गोळ्या मिळतात तर चाचणी मागता कशाला? हा प्रश्न आमच्या बैठकीतही निघाला. त्याचे उत्तर सविस्तर देतो, कारण दुसरी मागणी त्यावर उभी आहे.

आमच्यातला एक गडी, एआरटीवर आठ वर्षे, तब्येतीने धडधाकट, बैठकीत म्हणाला, "मले खोकला नाही, ताप नाही. मंग हे आणखीन गोया काहून खाव?" त्याला हरळीची गोष्ट सांगितली. त्याने मान हलवली, पण गोळ्या घेतल्या नाहीत. निरोगी माणसाला तीन-सहा महिने औषध घ्यायला लावायचे तर त्याला काहीतरी दिसावे लागते. स्वतःच्या हातावरची टणक गाठ बोटाखाली लागली की त्याला कुणाचे भाषण ऐकायची गरज राहत नाही. चाचणीचा हा उपयोग कोणत्याही तक्त्यात बसत नाही, पण गावात तोच सर्वांत मोठा आहे.

दुसरे कारण वैद्यकीय. बोत्सवानातल्या अभ्यासात सहा महिन्यांऐवजी ३६ महिने आयसोनियाझिड दिले, तेव्हा हातावरची चाचणी होकारार्थी असलेल्यांमध्ये टीबी ७४ टक्क्यांनी घटला. नकारार्थी असलेल्यांमध्ये ठळक फरक पडला नाही. म्हणजे औषध सगळ्यांना मिळावे हे खरे, आणि चाचणीने जास्त फायदा कुणाला होईल ते कळते हेही खरे. ज्याचे यकृत आधीच नाजूक आहे, ज्याला दारू सुटत नाही, ज्याला पूर्वी एकदा प्रतिबंधक कोर्स झाला आहे आणि आता घरात पुन्हा टीबीचा रुग्ण निघाला आहे, अशा माणसाबाबत डॉक्टरांना तोलून ठरवावे लागते. तिथे चाचणीचा आकडा हाताशी असला तर निर्णय अंदाजावर राहत नाही. आणि आमच्या घरातली माणसे? टीबीच्या रुग्णासोबत राहणाऱ्या पाच वर्षांवरील माणसांना, जिथे सोय आहे तिथे, चाचणी करूनच प्रतिबंधक उपचार देण्याची पद्धत आहे. आमच्या घरात टीबी झाला तर आमची मुले, सासू-सासरे त्यात येतात.

म्हणून दुसरी मागणी : सुप्त टीबीची चाचणी आसेगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि भोवतालच्या उपकेंद्रांत मिळावी. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते हे आम्हाला उत्तर म्हणून चालणार नाही. कारण पुढे सांगतो.

हातावरची मॅन्टू चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कोपर आणि मनगटाच्या मध्ये, आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीक सुईने थेंबभर द्रव सोडतात. तिथे वाटाण्याएवढा फुगवटा येतो आणि थोड्या वेळाने जिरतो. खरी चाचणी नंतर असते. ४८ ते ७२ तासांनी तो हात पुन्हा पाहायचा. लाली मोजायची नाही, टणकपणा मोजायचा. जाणकार परिचारिका बॉलपेनचे टोक बाहेरून गाठीकडे हळूहळू सरकवते. जिथे पेन अडते तिथे खूण करते. मग दुसऱ्या बाजूने. दोन खुणांमधले अंतर पारदर्शक पट्टीने हाताच्या आडव्या रेषेत मोजते. मिलिमीटरमध्ये. एवढे नीट करायला पाच मिनिटे पुरतात, पण त्यासाठी माणूस दुसऱ्यांदा यायला हवा.

आमच्यातली एक बाई पहिल्यांदा गेली. दिवसाची मजुरी बुडाली, एसटी, चहा, सोबत घेतलेल्या पोराचा खाऊ. तिसऱ्या दिवशी शेतमालकाने सुट्टी दिली नाही. तिचा हात कुणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मनाने घरीच पाहिला : "सुजलं होतं, लाल होतं, मंग बसून गेलं." तिच्या कागदावर चाचणीची तारीख आहे आणि पुढचा रकाना कोरा आहे. अशा कोऱ्या रकान्यांसाठी आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

चाचणी गावात आली की दुसरी फेरी गावातच होते. आशाताई किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पेनने मोजायचे शिकवता येते, त्याला वर्षे लागत नाहीत. आणि दिवस पाळावेत. सोमवारी टोचली तर वाचन बुधवारी-गुरुवारी येते, मंगळवारी टोचली तर गुरुवारी-शुक्रवारी. गुरुवारी टोचली तर वाचन शनिवार-रविवारी जाते आणि ती चाचणी वाया गेलीच समजा. उपकेंद्रांत ही सुई फक्त सोमवारी आणि मंगळवारी टोचावी, एवढा साधा आदेश काढावा. त्याला पैसा लागत नाही.

इथे एक गोष्ट फार काळजीने मांडतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर चाचणी गावात आणून आमचे नुकसानच होईल. मॅन्टू चाचणीत एचआयव्ही असलेल्या माणसाला पाच मिलिमीटरची गाठ होकारार्थी धरतात. इतरांना सहसा दहा. म्हणजे सात मिलिमीटर गाठीसमोर वहीत "होकारार्थी" असे लिहिले, तर ती वही वाचणाऱ्या कुणालाही कळेल की या माणसाला काय आहे. गावात दोन माणसांना कळले की बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, असे तो सांगतो. तेव्हा गावातल्या वहीत फक्त मिलिमीटर लिहावेत. होकार-नकार ठरवायचे काम एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी करावे. आणि ही तपासणी आमच्यापुरती वेगळी भरवू नये. टीबीच्या घरसंपर्कातल्या लोकांसोबत, मधुमेह असलेल्यांसोबत, सर्वांच्या रांगेत ती व्हावी. त्या रांगेत आम्ही कोण हे कुणाला कळणार नाही.

याहून बरा उपायही आहे आणि तो महाराष्ट्रातच तयार होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही नवी त्वचा चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या प्रकारच्या चाचण्यांना मान्यता दिली. टोचायची पद्धत मॅन्टूसारखीच, पण तिच्यातली प्रथिने बीसीजीच्या लसीत नसतात. म्हणून लहानपणी बीसीजी टोचलेल्या माणसाला ती उगाच होकारार्थी दाखवत नाही. आणि तिच्यात सर्वांना एकच माप आहे, पाच मिलिमीटर, एचआयव्ही असो वा नसो. आमच्या गोपनीयतेच्या दृष्टीने या एका मापाची किंमत आम्ही सांगू तेवढी थोडी. राष्ट्रीय कार्यक्रमात ती वापरायला मंजुरी मिळालेली आहे. वाशीम जिल्ह्याच्या वाट्याचा साठा आधी दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्यावा, शहरात नंतर.

रक्ताच्या चाचणीसाठी, म्हणजे इग्रासाठी, आम्ही गावात हट्ट धरत नाही. ते रक्त नळ्यांत घेऊन नेहमीच्या पद्धतीत सोळा तासांच्या आत ३७ अंशांवर उबवायला ठेवावे लागते, आणि नंतरही काही तास यंत्रात काम असते. उन्हाळ्यात आसेगावहून ते वेळेत पोहोचवणे सोपे नाही. पण ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ही चाचणी सुरू करावी, म्हणजे ज्यांचा हातावरचा निकाल शंकेचा आहे अशांना अकोला किंवा अमरावतीची वाट धरावी लागणार नाही.

तिसरी मागणी सक्रिय टीबी वगळण्याबद्दल. ही लहान वाटते, पण चुकली तर सगळे उलटते. आत सक्रिय टीबी असताना एकट्या आयसोनियाझिडच्या गोळ्या दिल्या तर जंतू त्या औषधाला सरावतो आणि पुढे औषधाला न जुमानणारा टीबी होतो. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारायचे असतात : खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. आम्ही जे अनुभवतो ते असे की गर्दीच्या दिवशी चार प्रश्नांचा एकच होतो : "काही त्रास नाही ना?" त्याला उत्तर "नाही" असेच येते. रांगेत मागे तीस माणसे उभी असताना कुणी घामाबद्दल सांगत बसत नाही. चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तरे लिहावीत. वजनकाटा रांगेच्या सुरुवातीला ठेवावा. शंका असेल त्याला एक्स-रे आणि थुंकीची ट्रुनॅट किंवा सीबीनॅट चाचणी त्याच दिवशी मिळावी. ट्रुनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीने लहान आरोग्य केंद्रांसाठीच तयार केले आहे. तालुक्याला यंत्र असेल तर आसेगावहून थुंकीची डबी जावी, माणूस नको. ज्याचा सीडी-४ खूप कमी आहे आणि जो फार आजारी आहे, ज्याला थुंकी निघत नाही, त्याच्यासाठी लघवीची लॅम चाचणी आहे. ती अर्ध्या तासात उत्तर देते. ती जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेहमी ठेवावी.

चौथी मागणी औषधाच्या वेळेची. आयसोनियाझिड रोज, सहा महिने, म्हणजे १८० दिवस. त्याऐवजी आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, हा छोटा कोर्स आहे. रोजच्या एआरटीच्या गोळीवर आणखी रोजची गोळी नको असणाऱ्यांना तो जमतो. आम्ही पंचांग पाहिले. नागपंचमीच्या आठवड्यात पहिली मात्रा घेतली की बारावी दिवाळीच्या आत होते. आमचे ऊसतोडीचे आणि वीटभट्टीचे लोक दिवाळी करून निघतात. म्हणून स्थलांतर करणाऱ्या गावांत आणि तांड्यांवर दरवर्षी श्रावणात हा कोर्स सुरू करण्याची मोहीम घ्यावी. ज्याला ते जमणार नाही, त्याच्यासोबत राहिलेल्या मात्रा आणि कार्ड द्यावे, आणि तो ज्या जिल्ह्यात जातो तिथल्या केंद्राला कळवावे. औषध मध्येच संपले अशी वेळ येऊ नये. सुरू करून थांबवण्यापेक्षा साठा पुरा असल्याशिवाय सुरूच करू नये, असे आमचे मत आहे.

हे औषध देताना काही गोष्टी सांगाव्यात, त्या न सांगितल्याने लोक सोडतात. रिफापेन्टिनने लघवी नारिंगी होते. घाबरलेला माणूस तिसऱ्या मात्रेनंतर परत येत नाही. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी द्यावी. भूक जाणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून लगेच यावे, आणि कुठे यायचे तेही सांगावे. दारूबद्दल झापण्यापेक्षा खरे विचारावे. ज्यांच्या एआरटीत नेव्हिरापिन किंवा प्रोटिएज इनहिबिटर आहे त्यांना रिफापेन्टिन चालत नाही, म्हणून हा निर्णय एआरटीच्या डॉक्टरांनीच घ्यावा. आणि बायांना वेगळे बसवून सांगावे की हे औषध चालू असताना संततिनियमनाच्या गोळ्या पुरेशा काम करत नाहीत. गरोदर बाईला रिफापेन्टिन देऊ नये. आयसोनियाझिड लगेच द्यायचे की बाळंतपणानंतर, याबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुण्याचे केंद्रही होते, लगेच सुरू केलेल्या गटात गरोदरपणाचे वाईट परिणाम जास्त दिसले. मागे सांगितलेल्या ७१५ बाळंतिणींच्या अभ्यासाकडे पाहिले तर थांबण्याचीही किंमत आहे. म्हणून इथे छापील उत्तर नको. डॉक्टरांनी तिच्याशी बोलावे, तिच्या घरात कुणी खोकणारे आहे का ते विचारावे, आणि ठरवावे.

पाचवी मागणी मुलांची. आईला एचआयव्ही आहे, घरात टीबी निघाला, आणि मुलाला तपासायचे राहून गेले, असे आमच्यात झाले आहे. प्रत्येक एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाच्या आणि पाच वर्षांखालच्या प्रत्येक घरसंपर्कातल्या मुलाच्या कागदावर प्रतिबंधक उपचाराचा रकाना असावा आणि तो भरलेला असावा.

सहावी मागणी हिशेबाची. २०१७ च्या कायद्यातले कलम १४ म्हणते की सरकारने शक्य तितके निदानाच्या सोयी, एआरटी आणि संधिसाधू संसर्गांवरचे उपचार द्यावेत. टीबी हा आमच्यासाठी संधिसाधू संसर्गच आहे. "शक्य तितके" हे शब्द कायद्यात आहेत हे आम्ही वाचले आहे, लपवत नाही. म्हणूनच या पत्रात अशक्य असे काही मागितलेले नाही. पेन, पट्टी, दोन दिवसांचा नियम, श्रावणातली मोहीम, चार वेगवेगळे प्रश्न. यातले काहीही वाशीमच्या अधिकारकक्षेबाहेरचे नाही. आपला जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षी जिल्ह्यांमध्ये आहे. त्याच्या कामकाजात या गोष्टीचा एक आकडा यावा.

तो आकडा कोणता, तेही सांगतो. दर तीन महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर लावावे : जिल्ह्यात एआरटी घेणारे किती, त्यांपैकी प्रतिबंधक उपचार कधीच न मिळालेले किती, या तिमाहीत सुरू केलेले किती, पूर्ण केलेले किती, मधेच थांबलेले किती आणि का. हातावरची चाचणी किती जणांची टोचली आणि किती जणांची वाचली. नाव नको, गाव नको, फक्त तालुकानिहाय आकडा. टोचलेल्या आणि वाचलेल्यांच्या आकड्यांत फरक दिसला की कुठे काय बिघडते ते आम्हाला आणि आपल्याला एकाच वेळी कळेल.

आणखी एक. चाचणी वाचायला यायच्या दिवसाची मजुरी मिळावी, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. बैठकीत त्यावर एकमत झाले नाही. काहींना वाटले की पैशाचे नाव घेतले की गोष्ट तिथेच अडते. म्हणून तिला मागणी न म्हणता विनंती म्हणतो : गावातच वाचन झाले तर हा प्रश्न उरणारच नाही. उरला तर प्रवासखर्च तरी द्यावा.

या पत्राखाली नावे नाहीत. प्रत्येकाची सही बंद पाकिटात जोडली आहे. ते पाकीट मा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी स्वतः उघडावे, आवक-जावकच्या टेबलावर ते फोडले जाऊ नये. पत्रावरची चर्चा बैठकीत करायची असेल तर आमच्यातल्या पाच जणांना बोलवावे. बैठक सकाळी अकराच्या आधी ठेवू नये आणि ती सभागृहात न घेता दार लावता येईल अशा खोलीत घ्यावी. आम्ही गावाहून एकत्र न येता वेगवेगळ्या गाड्यांनी येऊ. सोयाबीन सोंगणीच्या पंधरवड्यात मात्र बोलवू नये, त्या दिवसांत आमच्यापैकी कुणालाही येता येणार नाही.

आपली,
आसेगाव व परिसरातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संघटना
(सह्या बंद पाकिटात)